हिला नैवेद्य चालत नाही

अत्या ग्रीसहून परतली तेव्हा तिने सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. अप्पांना ऑलिव्ह तेलाचा साबण मिळाला. तो एकदाच लावून ते दिवसभर स्वतःचे हात हुंगत फिरत होते. मला निळ्या डोळ्याचं कीचेन मिळालं. आणि अम्मासाठी, म्हणजे तसं पाहिलं तर घरासाठी, टॉवेलांत गुंडाळलेली एक मोठी चिनीमातीची ताटली निघाली.

अत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. बँकेतून निवृत्त झालीय, आमच्या कुंभकोणमलाच, मेलकावेरी भागात एकटी राहते, आणि दर वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर कुठल्या तरी देशात जाऊन तिथे घरून नेलेला चिंचेचा भात खाऊन येते.

"हे पिंगाण रंगवताना मी डोळ्यांनी पाहिलं गे," ती अम्माला सांगत होती. "बेटावरचं लहानसं दुकान. बाकीच्या बाया फ्रिजवर लावायची चित्रं घेत हिंडत होत्या, मी तिथेच बसले. म्हातारी बाई, चष्मा कपाळावर, तोंडात सिगरेट! सगळा धूर माझ्या अंगावर. पण कुंचला टेकवला की रेघ संपेपर्यंत उचलत नव्हती, आपण दारात कोलम काढतो तशी. मी म्हटलं, हे मज पाहिजे. ती म्हणाली, अजून भाजायचं आहे, उद्या या. मग दुसऱ्या दिवशी आमची बस थांबवून गेले."

"सगळी बस?" अप्पांनी विचारलं.

"सगळे म्हातारेच तर होते. त्यांस कुठे जायची घाई?"

अम्माने शेवटचा टॉवेल बाजूला केला. ताटलीच्या मधोमध एक बाई होती. डोक्यावर मुकुट, मोठे काळेभोर डोळे, कमरेखाली मासा. मासाही साधा नाही. दोन शेपट्या, एक इकडे एक तिकडे, टोकं वर वळवलेली. एका हातात तिने शिडाचं जहाज धरलं होतं, हळदीकुंकवाचं तबक धरावं इतक्या सहज. काठाला निळ्या लाटा आणि मध्ये मध्ये डाळिंबं. कमरेच्या वर मात्र तिच्या अंगावर काही नव्हतं. केस लांब होते, पण जिथे असायला हवे होते तिथे नव्हते.

अम्माने ताटली परत टॉवेलात गुंडाळली.

"छान आहे," ती म्हणाली.

आमच्या घरात 'छान आहे' हा शेवटचा शब्द असतो. त्यानंतर त्या विषयावर कोणी काही बोलायचं नसतं. अत्याला हे ठाऊक आहे, म्हणून ती बोलतच राहिली. ताटली बाहेरच्या खोलीत लागली पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं. बाहेरच्या खोलीत एकच भिंत रिकामी आहे. अप्पांनी ताटली तिथे धरली, दोन पावलं मागे सरले आणि मान हलवली.

"जहाजाचं तोंड दाराकडे येतंय. घरातलं सगळं बाहेर चाललंय असं दिसतं."

"मग समोरच्या भिंतीवर लाव. तिथे जहाज आत येईल," अत्या म्हणाली.

समोरच्या भिंतीवर अम्माच्या माहेरून आलेलं बाळकृष्णाचं चित्र आहे, सोन्याचा वर्ख असलेलं. ते हलवायचं हा विचार आमच्या घरात आजवर कोणाच्या मनात आलेला नाही, आणि आला असला तरी त्याने तो बोलून दाखवलेला नाही. ताटली माळ्यावर गेली.

त्या दिवसांत मी कसली वाट पाहत होते ते सांगायला हवं. आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात मला प्रवेश मिळाला होता. वर्ग जानेवारीत सुरू होणार होते. पासपोर्ट व्हिसाच्या कागदांबरोबर चेन्नईला गेला होता आणि तो कुरिअरने परत यायचा होता, व्हिसासकट किंवा व्हिसाशिवाय. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी ते कोणाला सांगत नव्हते. मला मुळात सांगायची सवय नाही. शाळा इंग्रजीत झाली, रस्त्यावर मी तमिळ बोलते, घरी आमची ती तंजावरी मराठी, जी ऐकून पुण्याचे पाहुणे आपण एखादी बखर ऐकतोय असा चेहरा करतात. मला तीन भाषा येतात आणि मी तिन्हींत गप्प असते.

प्रवेशाचं कळलं तेव्हा मी अम्माला ते वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत होती.

"छान आहे," ती म्हणाली.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात कोलू मांडतात; पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार. वर कलश आणि देव, खाली संतमंडळी, त्याखाली लग्नाची वरात, वाणी-वाणीण, बँडवाले. संध्याकाळी शेजारच्या बायका बघायला येतात, हळदीकुंकू आणि वाटीभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, घेतात, आणि घरातल्या मुलीला गायला सांगतात. ही शेवटची रीत मला नवरात्राच्या आधी महिनाभर झोपू देत नाही. माझं एकच गाणं आहे. ते मी दर वर्षी एकाच जागी विसरते, आणि आता शेजारच्या मामींना ती जागा पाठ झाली आहे. तिथे आल्यावर त्या सगळ्या मिळून पुढचा शब्द सांगतात.

कोलूत दर वर्षी एक तरी नवी बाहुली आली पाहिजे असा नियम आहे. त्या वर्षी अम्मा बाहुली आणायला गेलीच नाही. पाय दुखतात म्हणाली. पायऱ्या लावून झाल्या, जुन्या बाहुल्या मऊ धोतरांतून बाहेर निघाल्या आणि अत्याचा फोन आला.

"यंदा नवीन काय गे?"

अम्मा पायरीवरचं कापड नीट करायला लागली.

"माझं पिंगाण माळ्यावर आहे ना? मग झालं. ज्याची नवी बाहुली त्याने पहिल्या दिवशी यायचं असतं. मी येते."

ती आलीच. येताना दारासुरमच्या विणकरांकडून रेशमी कापडाचा तुकडा घेऊन आली, गर्द लाल, जरीच्या काठाचा. अम्मा ताटली मांडीवर घेऊन बसली होती.

"उघडीवाघडी बसवणार नाही मी हिला. चार बाया येणार."

"म्हणून तर कापड आणलं. नेसव."

"माशास काय नेसवू?"

"अगे, दोन शेपट्या आहेत की!" अत्या म्हणाली. "एक असती तर परकर घालावा लागला असता. दोन आहेत म्हणजे नऊवारी. मधून काष्टा घाल."

अम्माला हसू आलं. ते लपवायला ती उठून स्वयंपाकघरात गेली. काम माझ्याकडे आलं. मी शाळेच्या प्रोजेक्टांतून उरलेला दोन्हीकडून चिकटणारा टेप शोधला. कापडाच्या बारीक निऱ्या केल्या, पदर खांद्यावरून घेऊन नको ते सगळं झाकलं आणि काष्टा दोन शेपट्यांच्या मधून नेला. तो असा चपखल बसला की सिगरेट ओढणाऱ्या त्या बाईने ही जागा आमच्यासाठीच सोडली असावी असं वाटलं. अम्मा परत आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "निऱ्या उलट्या घेतल्यास." मग वाकून तिने त्या स्वतः नीट केल्या. जाता जाता कपाळावर कुंकू लावलं. ताटली खालून दुसऱ्या पायरीवर, बँडवाल्यांच्या मागे उभी राहिली.

संध्याकाळी पहिल्या आल्या त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानवाल्या मामी. त्यांनी सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली, माझ्याकडे वळल्या, "आता गाणं" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचं लक्ष ताटलीकडे गेलं.

"ही कोण?"

 गाण्यापेक्षा हा प्रश्न बरा होता.

"मत्स्यावतार असेल," बरोबरच्या दुसऱ्या मामी म्हणाल्या.

"मत्स्य वर आहे दशावतारांत. आणि ही बाई आहे."

"मग मत्स्याची बायको. नेसलीय बघा कशी! अय्यर पद्धत."

"कुठली अय्यर! अय्यंगार."

"दोन्ही नव्हे," अत्या खुर्चीतून म्हणाली. "आमची."

अप्पा तोवर दारात उभे राहून ऐकत होते. अप्पांना आमच्या इतिहासाचं वेड आहे. त्यांच्या मते तंजावरच्या दरबारातून जगात सगळीकडे सगळं गेलं आहे. त्यांनी ताटली उचलून उलटी केली. मागे निळ्या रंगात दोन-तीन वळणदार ओळी होत्या.

"मोडी!" अप्पा म्हणाले. "हे बघ, हा 'श्री'. मोडीच आहे."

"अप्पा, ती ग्रीक..." मी म्हटलं.

"शिकंदर इकडे आला होता की नाही? मग?"

 मी आत जाऊन फोन आणला आणि त्या ओळींचा फोटो काढून भाषांतर पाहिलं. लिहिलं होतं: हाताने रंगवलेली. शोभेसाठी. अन्नासाठी नव्हे.

मामी मला विचारत होत्या, "काय म्हणते ती? मंत्र आहे ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अशा वेळी माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं आणि ते मी आधी तपासून घेते. हे वाक्य मी तपासलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"हिला नैवेद्य चालत नाही," मी म्हटलं.

 सुंडल खाणारे, पोंगल खाणारे, लोणी खाणारे देव आमच्या गावाने भरपूर पाहिले आहेत. काहीच न खाणारी देवी म्हणजे फार कडक काम. औषधाच्या दुकानवाल्या मामींनी हातातली सुंडलची वाटी हळूच पदराआड घेतली.

"हातात जहाज," त्या म्हणाल्या. "समुद्रापलीकडून आलेली. मग हिचं खातं कुठलं?"

हा प्रश्न कुंभकोणमबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे प्रत्येक देवाला एक खातं नेमून दिलेलं असतं. लग्न जमत नसेल तर एक, मूल उशिरा बोलत असेल तर बस बदलून दुसरा, कोर्टाचं काम अडलं तर तिसरा. खातं नसलेला देव म्हणजे टेबल नसलेला साहेब.

 मामींनी स्वतःच उत्तर काढलं. त्यांना मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं होतं, व्हिसाची मुलाखत दोन दिवसांवर होती, आणि मागच्या खेपेला खिडकीतल्या माणसाने त्यांना परत पाठवलं होतं. त्या पुढे झाल्या, डोळे मिटून हात जोडले, आणि कोणालाही गाणं म्हणायला न सांगता निघून गेल्या. माझ्या आयुष्यात असं नवरात्र आलं नव्हतं.

मामींना व्हिसा मिळाला.

त्या चेन्नईहून थेट आमच्याकडे आल्या, बॅग हातातच. "एकच प्रश्न विचारला त्याने! किती दिवस राहणार? बस!" नैवेद्य चालत नाही म्हणून काय द्यावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी पर्समधून पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि ताटलीच्या पायाशी ठेवली.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात नाही. मी फक्त गप्प राहिले, आणि ते तर मी नेहमीच करते. दुसऱ्या दिवशी सिंगापूरला नोकरी लागलेल्या एकाची आई आली. मग पट्टीश्वरमहून एक आजोबा बस धरून आले. सुनेच्या पासपोर्टची झेरॉक्स त्यांनी पिशवीत केळीच्या पानात गुंडाळून आणली होती. गठ्ठा वाढायला लागला. झेरॉक्सच्या दुकानदाराने अप्पांना गाठून विचारलं, "सर, नवीन देऊळ कुठे झालंय?" अप्पांनी दारात चपलांसाठी वेगळी जागा केली आणि येणाऱ्याला शिकंदरापासून सुरुवात करून माहिती द्यायला लागले.

अत्या रोज येऊन गठ्ठा सारखा करायची. "सगळ्यांत खाली कोणाची आहे ठाऊक आहे?" तिने एकदा माझ्या कानात सांगितलं. "तुझी. मामींची पडली त्याच दिवशी तिच्याखाली सरकवली मी. गाणं चुकवायला तू तिला देवी केलीस, मी तुझ्या कामास लावली."

"अत्या, ती ताटली आहे."

"मज ठाऊक नाही? विकत मी घेतली."

मी हसले. पण त्या रात्री झोपताना, आपली झेरॉक्स सगळ्यांत खाली आहे म्हणजे ती पहिली वाचली जाईल की शेवटची, याचा मी विचार केला, हेही खरं.

अम्माचं काहीतरी बिनसलंय हे मला भांड्यांवरून कळलं. सकाळी मोरीत कॉफीचे तीन पेले असतात, आणि तीन डबरे, म्हणजे कॉफी ओतून निववायच्या खोल वाट्या. आता दोनच दिसायला लागले. कुंभकोणममध्ये जन्मलेल्या माणसाने कॉफी सोडणं हे संन्यास घेण्यापेक्षा गंभीर; संन्यासीसुद्धा इथे कॉफी पितात. मी विचारलं. "पित्त झालंय," ती म्हणाली. मी माझ्या हाताने फिल्टरचं पहिलं, दाट पाणी उतरवून, वर फेस आणून तिच्यासमोर पेला ठेवला. तिने तो उचलला, वास घेतला, डोळे मिटले आणि अप्पांना नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोलूच्या मागे होते. पायऱ्यांच्या मागे, भिंतीच्या बाजूला, दिव्यांच्या माळेचं बटण आहे. माळ अधूनमधून बंद पडायची. मी आत शिरून प्लग नीट बसवत होते. दुपारी कोणी येत नाही. अम्माची पावलं आली आणि ताटलीसमोर थांबली.

"तुज खायला चालत नाही म्हणे," अम्मा म्हणाली.

मी प्लग आत ढकलून तशीच बसून राहिले.

"तर मी काय देऊ? मी कॉफी सोडली. तुमच्या देशात असते की नाही ठाऊक नाही, पण इथल्या कोणासही विचार, लहान गोष्ट नाही." तिच्या बांगड्या वाजल्या; हात जोडले असावेत. "तिचा पासपोर्ट येऊ दे. पण रिकामा येऊ दे. तिचं काही चुकलं असं नको. एखादा कागद कमी पडला म्हणावं. तिकडल्यांचंच चुकलं म्हणावं. पोर बोलत नाही, तिकडे तिच्याशी कोण बोलेल? इथे निदान मी बोलते, ती ऐकते."

माझ्या आणि अम्माच्या मध्ये लाकडी फळ्या, त्यावरचं पांढरं कापड आणि सगळा दरबार होता. पुढे जे झालं ते मी मुद्दाम केलं की आपोआप झालं, हे मी अजून ठरवलेलं नाही. माझा हात बटणावर होता. हात हलला. सगळी माळ एकदम लागली, लाल, हिरवी, निळी, आणि उघडझाप करायला लागली.

अम्माने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.  मग ती सावकाश, आधीपेक्षा मोठ्याने बोलली.

"बरं, बरं. कोपू नकोस. द्यायचाच असेल तर दे. पण नुसतं नेऊन सोडू नकोस. परत आणायचंही काम तुझंच, सांगून ठेवते."

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. मी तिथेच बसून राहिले, अंगावर रंगीत उजेड घेऊन. मला जायचं होतं. त्यात काही फरक पडला नव्हता, आणि तोच तर त्रास होता.

कुरिअर आला तो सरस्वतीपूजेच्या आदल्या संध्याकाळी. खोली भरलेली होती. औषधाच्या दुकानवाल्या मामी, पट्टीश्वरमचे आजोबा परत एकदा, अत्या, आणि मी न ओळखणाऱ्या काही बायका. दारातून त्याने मोठ्याने नाव विचारलं, ओटीपी मागितला आणि जाड पाकीट माझ्या हातात दिलं. पाकिटावरचा शिक्का मामींनी लांबूनच ओळखला.

"व्हिसा! हिचा? आणि ही आम्हाला बोलली नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

"इथेच उघड, देवीसमोर!"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी कोणी म्हणालं असतं की गाणं म्हण, तर मी आनंदाने सगळं गाणं न विसरता म्हटलं असतं. माझी बोटं पाकिटाची कडा सोडेनात. अम्मा सुंडलचं पातेलं घेऊन मध्येच उभी होती. मी पाकीट तिच्याकडे धरलं.

तिने पातेलं अत्याच्या मांडीवर दिलं, हात पदराला पुसले आणि पाकीट फाडलं. पासपोर्टची पानं ती पहिल्यापासून, एकेक करून, उलटत गेली. कोरी पानंसुद्धा तिने नीट बघितली. मग एका पानावर ती थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, पानाकडे नाही. आता 'छान आहे' म्हणेल, मला वाटलं, आणि सगळं संपेल.

"जानेवारीत तिथे थंडी किती असते?" अम्माने विचारलं.

खोलीत एकच गलका झाला. मामींनी ताटलीसमोर लोटांगण घालायचा प्रयत्न केला, पण गुडघे नाही म्हणाले. आजोबांनी आपल्या सुनेची झेरॉक्स गठ्ठ्यातून काढून सगळ्यांत वर ठेवली. अप्पा माझ्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले. या गडबडीत अम्मा आत गेली. स्वयंपाकघरातून दूध वर आल्याचा, मग पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज आला, फार उंचावरून. ती पेला घेऊन बाहेर आली, ताटलीच्या समोर उभी राहिली, आणि त्या मुकुटवाल्या बाईच्या डोळ्यांत बघत तिने सगळी कॉफी पिऊन टाकली.

"पित्त गेलं वाटतं," अप्पा म्हणाले.

"गेलं."

विजयादशमी झाल्यावर बाहुल्या काढायला आम्ही दोघीच बसलो. एकेक बाहुली धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची आणि पेटीत ठेवायची. वाणी, वाणीण, बँडवाले. अम्मा दिव्यांची माळ गुंडाळत होती.

"माळेचं बटण मागे आहे, हे मज ठाऊक आहे," ती अचानक म्हणाली. "घर माझं आहे."

मी बँडवाल्याच्या ढोलावरची धूळ फार काळजीपूर्वक पुसली.

"दिवे लागेपर्यंत बोलले ते तिला बोलले," अम्मा म्हणाली. "त्याच्या नंतरचं तुज."

"मग मला समोर का नाही बोललीस?"

"समोर बोलले असते तर तू राहिली असतीस." तिने माळेला गाठ मारली. "आणि मग जन्मभर माझ्यासमोर गप्प बसली असतीस. आत्ता बसतेस ते पुष्कळ आहे."

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी वाक्य तपासत बसले आणि नेहमीप्रमाणे तेवढ्यात वेळ गेली, कारण अत्या आणि अप्पा आत आले. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. अप्पांना तो कावेरीत सोडायचा होता.

"लोकांचे जन्मतारखांसकट कागद नदीत?" बँकेची अत्या ओरडत होती. "अक्कल आहे? फाडायचे! बारीक फाडायचे!"

अम्मा उठली. तिने स्टूल ओढलं, समोरच्या भिंतीवरचं तिच्या माहेरचं बाळकृष्णाचं चित्र दोन्ही हातांनी उतरवलं, आणि ते घेऊन पूजेच्या खोलीत गेली.  ती रिकाम्या हाताने परत आली.

"खिळा तोच चालेल," ती अप्पांना म्हणाली. "वजन पेलेल का बघा."

ताटली भिंतीवर गेली, नऊवारीसकट. जहाजाचं तोंड आता घराकडे होतं. अप्पा दोन पावलं मागे सरून म्हणाले, "हां. आत येतंय." अम्मा म्हणाली, "जरा डावीकडे झुकलंय."  अत्याने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

तेवढ्यात दारात औषधाच्या दुकानवाल्या मामी. हातात तिकिटं होती, देवीला दाखवायला आणलेली. त्यांनी भिंतीकडे बघून हात जोडले आणि आवाज खाली आणून अम्माला विचारलं, "जावई म्हणतात, तिथेच राहून जा. ग्रीन कार्डाचंही बघेल का ही?"

"नाही," अम्मा म्हणाली. "आजपासून हिचं खातं बदललं. आता ही फक्त परत आणते."

मामींनी तिकिटं पटकन पदराआड घेतली. मग अत्याच्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघत त्यांनी घाईघाईने आपली झेरॉक्स परत मागितली.